तुटण्याआधी खूण देणारे पॉलिमर : बेकमन संस्थेतील एका संशोधनगटाची वाटचाल

पॉलिमरची वस्तू मोडते तेव्हा आपल्याला तिचा शेवटचा क्षण तेवढा दिसतो. त्याआधी बराच काळ तिच्या आत रेणूंच्या साखळ्या ताणल्या जात असतात, त्यांतल्या काही तुटत असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडून एकमेकींना मिळत असतात. धातूला निदान पोक येतो, तो वाकतो. कार्बन तंतू आणि एपॉक्सी यांच्या कंपोझिटवर दुरुस्तीच्या वेळी एखादे जड अवजार पडले, तर वरून जेमतेम ओरखडा दिसतो आणि आतले थर मात्र एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. बोईंग 787 या विमानाच्या रचनेत वजनाने निम्मा भाग अशा कंपोझिटचा आहे. पवनचक्कीची पाती, गॅसच्या हलक्या टाक्या, पुलांवरचे गंजरोधक लेप अशा सगळ्याच ठिकाणी या न दिसणाऱ्या इजेचा धोका असतो.

ती शोधायला श्राव्यातीत ध्वनीची यंत्रे आहेत, क्ष-किरण आहेत, नुसते ठोकून आवाजावरून दोष ओळखणारे कसबी तंत्रज्ञही आहेत. पण नेमके कुठे आणि कधी तपासायचे, हे आधी कळावे लागते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या बेकमन संस्थेतील एका गटाने वेगळा रस्ता धरला. पदार्थानेच आपली इजा दाखवावी, रंग बदलून किंवा चमकून दाखवावी, असे त्यांनी ठरवले. या गटाने पॉलिमरला आधी स्वतःची जखम भरायला शिकवले आणि ती दाखवायला नंतर. उपचार साधला तरी निदानाची गरज संपत नाही, हे त्यांच्या वाटचालीतून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच कुठे होत असेल. म्हणून ती सविस्तर मांडावीशी वाटते.

तयार जमीन

शिकागोच्या दक्षिणेला सुमारे 220 किलोमीटरवर, मक्याच्या आणि सोयाबीनच्या सपाट शेतांमध्ये अर्बाना आणि शॅम्पेन ही जोडशहरे आहेत. इलिनॉय विद्यापीठाचे मुख्य आवार इथेच आहे. पदार्थ कसे तुटतात आणि पॉलिमर कसे घडतात, या दोन्ही प्रश्नांची इथली परंपरा जुनी.

आर्थर टॅलबट यांच्या काळापासून इथे पोलाद, काँक्रीट आणि रेल्वेचे रूळ यांच्या ताकदीच्या चाचण्या होत. पहिल्या महायुद्धानंतर हर्बर्ट मूर यांनी धातूंच्या थकव्याचा अभ्यास इथेच उभा केला. एका झटक्यात न मोडणारा धातू लहान लहान भार लाखो वेळा सोसून अखेर कसा मोडतो, हा त्यांचा विषय. पुढे टॅलबट यांच्या नावाच्या प्रयोगशाळेत 30 लाख पौंडांचा भार देणारे चाचणीयंत्र बसले.

त्याच आवारात रसायनशास्त्रज्ञ रॉजर अॅडम्स यांच्याकडे वॉलेस कॅरोदर्स यांनी 1924 मध्ये पीएच.डी. पूर्ण केली. हेच कॅरोदर्स पुढे ड्युपाँ कंपनीत नायलॉनचे जनक ठरले. कार्ल मार्वेल यांनी चार दशके इथे सेंद्रिय रसायन शिकवले आणि दुसऱ्या महायुद्धातल्या कृत्रिम रबराच्या मोठ्या मोहिमेत भाग घेतला. भंगाचा अभ्यास करणारे यांत्रिकीवाले आणि रेणू घडवणारे रसायनवाले अशा रीतीने एकाच आवारात होते. त्यांच्या इमारती मात्र वेगळ्या होत्या आणि विद्यार्थीही वेगळे होते.

एक देणगी, एक छप्पर

हे अंतर मिटवण्याचे निमित्त एका जुन्या विद्यार्थ्याने दिले. आर्नल्ड बेकमन हे इलिनॉयमधल्याच कलम या खेड्यातल्या लोहाराचे चिरंजीव. अर्बानात त्यांनी रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतली. मार्वेल यांच्याबरोबर त्यांनी संशोधनाला सुरुवात केली होती, पण पाऱ्याच्या संयुगांचा त्रास होऊ लागल्याने ते भौतिक रसायनाकडे वळले. पुढे कॅलिफोर्नियात असताना लिंबाच्या रसाची आम्लता खात्रीने मोजता यावी म्हणून एका जुन्या वर्गमित्राने त्यांच्याकडे मदत मागितली आणि 1934 मध्ये त्यातून पीएच मीटर जन्माला आला. त्या उपकरणावर त्यांनी मोठा उद्योग उभारला.

1985 मध्ये आर्नल्ड आणि मेबल बेकमन यांनी विद्यापीठाला 4 कोटी डॉलर दिले. राज्य सरकारने 1 कोटीची भर घातली. रसायनशास्त्रज्ञ थिओडोर ब्राऊन हे संस्थेचे पहिले संचालक. 1989 मध्ये अभियांत्रिकी आवाराच्या उत्तर टोकाला नवी इमारत उघडली. तिचा नियम साधा होता. इथे कोणत्याही विभागाची मालकी नसेल, विषय घेऊन यायचे आणि त्या विषयाला लागणारी माणसे शेजारी बसवायची. मेंदूचे अभ्यासक, संगणकतज्ज्ञ आणि पदार्थवैज्ञानिक एका जिन्यावर भेटू लागले.

त्यानंतरच्या काही वर्षांत इलिनॉयमध्ये तीन तरुण प्राध्यापक स्थिरावले. स्कॉट व्हाइट हे एरोस्पेस अभियंते, कंपोझिट कसे बनतात आणि कसे बिघडतात याचे जाणकार. नॅन्सी सॉटॉस 1991 मध्ये डेलावेअरहून पीएच.डी. करून आल्या, पदार्थातला ताण सूक्ष्म पातळीवर मोजणे हे त्यांचे क्षेत्र. जेफ्री मूर हे इलिनॉयचेच विद्यार्थी. मिशिगनमध्ये काही वर्षे शिकवून ते 1993 मध्ये रसायनशास्त्र विभागात परतले. विमानाचा अभियंता, यांत्रिकीची अभ्यासक आणि सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ यांचा हा गट पुढे ‘ऑटोनॉमस मटेरियल्स सिस्टिम्स’ या नावाने ओळखला जाऊ लागला. बाहेरच्या हुकमाची वाट न पाहता स्वतःहून प्रतिसाद देणारे पदार्थ घडवणे, हे त्याचे ध्येय.

आधी उपचार : 2001

गटाचे नाव जगभर झाले ते 15 फेब्रुवारी 2001 च्या ‘नेचर’मधल्या लेखाने. व्हाइट, सॉटॉस, मूर आणि त्यांचे सहकारी फिलिप गेबेल यांनी विद्यार्थ्यांसह स्वतः भेग भरून काढणारी एपॉक्सी तयार केली होती. लेखकांच्या यादीत श्रीराम आणि विश्वनाथन ही भारतीय नावेही आहेत.

युक्ती अशी. एपॉक्सी घट्ट होण्याआधी तिच्यात दोन गोष्टी मिसळायच्या. पहिली, यूरिया-फॉर्मल्डिहाइडच्या पातळ कवचाच्या सूक्ष्म कुप्यांत भरलेला डायसायक्लोपेंटाडाईन हा द्रव. दुसरी, ग्रब्ज उत्प्रेरकाचे कण. भेग पुढे सरकते तेव्हा वाटेतल्या कुप्या फुटतात, द्रव भेगेत शिरतो, उत्प्रेरकाला भिडतो आणि तिथेच त्याचे घट्ट पॉलिमर होते. खोलीच्या तापमानाला 48 तास ठेवलेल्या नमुन्यांची भेगरोधक ताकद 75 टक्क्यांपर्यंत परत आली. रॉबर्ट ग्रब्ज यांच्याकडे मूर यांनी पीएच.डी.नंतरचे संशोधन केले होते. ज्या कामासाठी ग्रब्ज यांना 2005 मध्ये नोबेल मिळाले, त्यातला उत्प्रेरक त्याआधीच अर्बानातल्या एपॉक्सीत रुजला होता.

पुढची पावले भराभर पडली. 2005 मध्ये या तंत्रावर आधारलेली ऑटोनॉमिक मटेरियल्स ही कंपनी शॅम्पेनमध्ये निघाली आणि लेपांच्या उद्योगाकडे वळली. कुपी एकदा फुटली की रिकामी होते, ही अडचण 2007 मध्ये सूक्ष्म नलिकांच्या जाळ्याने दूर केली. जेनिफर लुईस यांच्या सहकार्याने केलेल्या त्या प्रयोगात एकाच जागेची भेग सात वेळा भरून आली.

पण या यशातच पुढचा प्रश्न होता. भेग पडली आणि भरलीही, तर ती पडली होती हे कोणाला कळणार? किती कुप्या खर्ची पडल्या, कुठे पडल्या, पुढचा घाव सोसायला काय उरले, याचा हिशेब नसेल तर बरा झालेला पदार्थही भरवशाचा नाही. शिवाय कुपी फुटायला आधी भेग पडावी लागते. भेगेच्याही आधी, साखळीचे बंध ताणले जात असतानाच खूण मिळेल का?

बलाने बंध निवडणे

ताणाने रेणू तुटतात, हे नवे नव्हते. पॉलिमर म्हणजे लांबच लांब रेणू, हे सिद्ध करणारे हेर्मान श्टाउडिंगर यांनी 1930 च्या दशकातच पाहिले होते की पॉलिस्टायरीन यंत्रात रगडले की त्याच्या साखळ्या आखूड होतात. पण ही रसायनक्रिया विध्वंसक मानली जात होती. साखळी कुठेही तुटे आणि त्यातून काही मिळत नसे.

मूर यांच्या प्रयोगशाळेने हा विध्वंस ठरवून दिलेल्या जागी आणायचे ठरवले. साखळीच्या मध्यभागी एक मुद्दाम निवडलेला रेणू बसवायचा आणि ताण त्याच्यावर केंद्रित करायचा. अशा बलसंवेदी रेणूखंडाला मेकॅनोफोर म्हणतात. द्रावणात श्राव्यातीत ध्वनी सोडला की बारीक बुडबुडे तयार होऊन कोसळतात आणि त्यांच्या ओढीने जवळच्या साखळ्या ताणल्या जातात. रस्सीखेचीत दोराच्या मध्यावर जसा दोन्ही बाजूंचा जोर एकवटतो, तसा सर्वांत मोठा ताण साखळीच्या मध्यावर येतो. 2005 मध्ये गटाने पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या मध्यावर कमकुवत अॅझो बंध ठेवला आणि साखळ्या नेमक्या तिथेच तुटतात हे दाखवले.

मार्च 2007 च्या ‘नेचर’मधला लेख त्याहून धाडसी होता. क्रिस्टोफर हिकनबॉथ आणि सहकाऱ्यांनी साखळीत बेंझोसायक्लोब्युटीन हे चौकोनी कडीचे संयुग बसवले. त्याची कडी उष्णतेने उघडली तर एका दिशेने वळते आणि प्रकाशाने उघडली तर दुसऱ्या, हे वुडवर्ड-हॉफमन नियम सांगतात. दोन भिन्न रचनांचे रेणू घेतले तर उष्णतेने दोन भिन्न उत्पादिते मिळायला हवीत. बलाने मात्र दोन्ही रेणूंपासून एकच उत्पादित मिळाले. उष्णतेला जी वाट बंद होती, ती बलाने उघडली. उष्णता, प्रकाश आणि वीज यांच्या जोडीने यांत्रिक बलही रसायनक्रियेला दिशा देऊ शकते, हे त्या दिवसापासून गंभीरपणे मानले जाऊ लागले. माझ्या मते या गटाचा विज्ञानातला सर्वांत खोल ठसा इथे आहे. रंगीत नमुन्यांची छायाचित्रे अधिक गाजली, पण त्यांचा पाया या शांत द्रावणातल्या प्रयोगांनी घातला.

लाल झालेली पट्टी : 2009

द्रावणातल्या साखळ्या घट्ट पदार्थात आणणे ही पुढची पायरी. त्यासाठी निवडलेला रेणू होता स्पायरोपायरन. त्याचे दोन भाग एका कार्बनपाशी काटकोनात जोडलेले असतात. या रूपात तो जवळजवळ रंगहीन असतो. त्या कार्बन आणि ऑक्सिजनमधला बंध सुटला की दोन्ही भाग एका पातळीत येतात, इलेक्ट्रॉन सगळ्या रेणूभर पसरतात आणि त्याचे मेरोसायनिन हे गडद रंगाचे रूप होते. अतिनील प्रकाशाने हे घडते, हे रसायनशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. अर्बानात ते ओढून घडवले.

7 मे 2009 च्या ‘नेचर’मध्ये डग्लस डेव्हिस हे पहिले लेखक असलेला निबंध आला. पॉलिमिथाइल अॅक्रिलेट या रबरासारख्या पॉलिमरच्या साखळीत स्पायरोपायरन गुंफला होता. त्याची पट्टी यंत्रात ओढली तेव्हा फिकट पिवळसर नमुना तुटण्याआधी लाल झाला. पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट (पीएमएमए) या काचेसारख्या कडक पॉलिमरचे सूक्ष्म मणी दाबले तर तेही रंगले. पट्टीवर साधा दृश्य प्रकाश पाडला की रंग पुन्हा फिका होई, म्हणजे तुटलेला बंध परत जुळत होता.

या निबंधातली मला सर्वाधिक भावणारी गोष्ट म्हणजे त्यातले तुलनेचे नमुने. रंग घर्षणाच्या उष्णतेने आला नसेल कशावरून? हे तपासायला त्यांनी तोच रेणू साखळीच्या टोकाला एकाच बाजूने जोडला, किंवा दोन्ही जोड अशा जागी दिले की ओढ त्या कळीच्या बंधातून जाणारच नाही. हे नमुने तितकेच ओढले तरी रंगले नाहीत. म्हणजे रंगाचे कारण बलच, आणि तेही योग्य बंधातून गेलेले बल. टॉड मार्टिनेझ यांच्या संगणकी गणनेने त्याला दुजोरा दिला. पुढे ड्यूक विद्यापीठात स्टीफन क्रेग यांच्या गटाने एकेक साखळी ओढून मोजले, तेव्हा स्पायरोपायरन उघडायला सुमारे 240 पिकोन्यूटन बल लागते असे दिसले. साखळीचे मुख्य कार्बन-कार्बन बंध तोडायला याच्या कित्येक पट बल लागते. साखळी तुटण्याच्या बऱ्याच आधी खूण मिळते ती या फरकामुळे.

खुणेची परीक्षा

‘नेचर’मधल्या लेखानंतरची पाच-सहा वर्षे बाहेरून कमी चमकदार दिसतात. कामाच्या दृष्टीने ती फार कसाची होती. खूण मिळते हे सिद्ध झाले होते. ती विश्वासार्ह आहे का, हे पाहायचे होते.

अडचणी खऱ्या होत्या. स्पायरोपायरन ऊन लागूनही रंगतो, मग रंग उन्हाचा की इजेचा? प्रकाशाने रंग उतरतो, मग काल पडलेला घाव आज दिसेल का? आणि कडक, ठिसूळ पॉलिमरमध्ये साखळ्यांना सरकायला वाव नसतो. नमुना रंगण्याआधीच तुटतो.

2010 मध्ये पॉलियुरेथेनवरच्या प्रयोगांनी पहिल्या दोन प्रश्नांवर प्रकाश टाकला. नमुना ताणलेल्या स्थितीत धरून ठेवला तर रासायनिक समतोलच रंगीत रूपाकडे झुकतो, म्हणजे रंग हा ताण टिकून असल्याचीही खूण होऊ शकतो. ध्रुवित प्रकाशाने पाहिल्यावर कळले की ओढीच्या दिशेला समांतर असलेले रेणू आधी उघडतात. आशा-डी सेलेस्टीन आणि सहकाऱ्यांनी पीएमएमएमध्ये रबराचे अतिसूक्ष्म कण मिसळून त्याला चिवट केले आणि पुढे सरकणाऱ्या भेगेच्या टोकापुढेच रेणू जागे होतात हे दाखवले. ज्या भागाची ताकद संपत आली आहे तो भाग भेग पोचण्याआधीच उजळतो, हे त्या नमुन्यांत दिसत होते.

खुणेचे प्रकारही वाढले. 2012 मध्ये बलाने आम्ल सोडणारा मेकॅनोफोर तयार झाला. आम्ल हे एकाच वेळी खूण आणि औषधही असू शकते, कारण त्याने दुसरी क्रिया सुरू करता येते. 2014 मध्ये ओढल्यावर पूर्ण उसवून मूळ लहान रेणूंत परतणारी साखळी दाखवली गेली. 2016 मध्ये मॅक्सवेल रॉब यांनी नॅफ्थोपायरन हा नवा रंगबदलू रेणू तीन वेगवेगळ्या जागी साखळीला जोडून पाहिला. एकाच जोडणीत तो बलाला प्रतिसाद देतो, बाकीच्या दोन्हींत नाही. 2009 चा धडा पुन्हा पक्का झाला. रेणूला बल किती दिले याइतकेच महत्त्व ते कोणत्या जागी दिले याला आहे.

पुन्हा कुप्यांकडे

मेकॅनोफोर वापरायचा तर तो पॉलिमरच्या साखळीतच गुंफावा लागतो. उद्योगात रुळलेल्या एपॉक्सी आणि लेपांचे रसायन त्यासाठी बदलणे महाग पडते. म्हणून 2016 च्या सुमारास गटाने आपले जुने साधन, सूक्ष्म कुप्या, नव्या कामाला लावले. कुपीत आता औषधाच्या जागी खूण भरली.

पहिल्या पद्धतीत कुपीत डायक्लोरोफ्लुरेसीन हा रंग होता. अमाइनने घट्ट केलेल्या एपॉक्सीत थोडे अल्कधर्मी अमाइन नेहमी उरते. चीर पडून कुपी फुटली की रंग त्या अमाइनला भिडतो आणि फिकट पिवळ्या लेपावर चीर ठळक लाल रेषेसारखी उमटते. सुमारे 10 मायक्रोमीटर रुंदीच्या चिराही अशा दिसल्या. हा रंग आम्लता-अल्कता दाखवणारा सूचक आहे. लिंबाच्या रसाची आम्लता मोजून ज्याने कारकीर्द घडवली, त्याच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या इमारतीत अल्कतेच्या जोरावर भेग वाचली गेली, ही या संस्थेच्या इतिहासातली मोठी समाधानाची नोंद आहे.

दुसऱ्या पद्धतीने रंगाला रसायनक्रियेचीही गरज ठेवली नाही. काही रेणू द्रावणात असताना चमकत नाहीत आणि एकत्र गोळा झाले की चमकतात. हाँगकाँगमध्ये बेन झाँग तांग यांनी 2001 मध्ये हा गुण प्रकाशात आणला होता. रॉब आणि सहकाऱ्यांनी असा टेट्राफिनाइलएथिलीन हा रेणू द्रावकात विरघळवून कुप्यांत भरला. कुपी फुटते, द्रावक उडून जाते, रेणू चिरेच्या कडेला साचतात आणि अतिनील दिव्याखाली ती जागा निळी चमकते. अखंड भाग काळोखा राहतो. 2 मायक्रोमीटर इतक्या बारीक चिराही दिसल्या. भोवतीचे पॉलिमर कोणते आहे, याला फारसे महत्त्व न राहिल्यामुळे अनेक प्रकारच्या लेपांत ही पद्धत चालली.

बंधांच्या पातळीवरची खूण भेगेच्या आधी मिळते, पण साखळी नव्याने घडवावी लागते. कुपीची खूण भेग पडल्यावरच मिळते, पण ती नेहमीच्या लेपातही बसते. दोन्हींची गरज आहे आणि एकाच गटाने दोन्ही घडवल्या, हे या कामाचे मोठे वैशिष्ट्य.

फांद्या इतरत्रही

ही वाट एकट्या अर्बानाची नव्हती. ओहायोत आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये क्रिस्टोफ वेडर यांनी साध्या पॉलिमरमध्ये रंगद्रव्य मिसळून, ओढल्यावर त्याचे पुंजके विखुरून रंग बदलणारे नमुने आधीच तयार केले होते. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन इथे रिंट सायबेस्मा यांच्या गटाने 2012 मध्ये तुटताना प्रकाश देणारा डायऑक्सेटेन बंध साखळीत बसवला. पॅरिसचे कोस्टान्टिनो क्रेटॉन यांनी त्यांच्यासह 2014 मध्ये तो रबरात वापरून, आतले बंध कुठे आणि केव्हा तुटतात हे कॅमेऱ्याने टिपले. क्रेग यांच्या नेतृत्वाखालचे पॉलिमर जाळ्यांचे संशोधनकेंद्र पुढे अनेक विद्यापीठांना जोडून उभे राहिले. अर्बानातून निघालेले रॉब 2017 पासून कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत बलाने जागे होणारे नवे रेणू घडवत आहेत. त्यांच्या प्रयोगशाळेने बलाच्या हाकेसरशी लहान रेणू सोडणाऱ्या साखळ्या तयार केल्या. खूण देणाऱ्या पदार्थापासून औषध किंवा उत्प्रेरक सोडणाऱ्या पदार्थाकडे जाणारा हा रस्ता आहे.

2018 आणि नंतर

दरम्यान 2014 मध्ये गटाने 35 मिलिमीटरहून मोठे भगदाडही पॉलिमरने भरून काढले. बॅटरी आणि विद्युत मंडलांकडेही तो वळला; तुटलेल्या वाटेत द्रव धातू सोडून विजेचा प्रवाह पुन्हा जोडणाऱ्या कुप्या त्याने बनवल्या. मूर 2017 मध्ये बेकमन संस्थेचे संचालक झाले.

मे 2018 हा गटाच्या इतिहासातला आनंदाचा आणि दुःखाचा महिना. महिन्याच्या सुरुवातीला ‘नेचर’मध्ये त्यांचा लेख आला. त्यातल्या पद्धतीत एका टोकाला उष्णता दिली की द्रव घट्ट होण्याची लाट आपोआप पुढे सरकते आणि भल्यामोठ्या भट्टीशिवाय कंपोझिट तयार होते. त्यातला मुख्य घटक 2001 च्या कुप्यांतलेच डायसायक्लोपेंटाडाईन होते. जखम भरणाऱ्या द्रवापासून आता वस्तूच बनू लागली होती. त्याच महिन्याच्या अखेरीस स्कॉट व्हाइट यांचे अकाली निधन झाले. ज्यांनी बिघाडाच्या प्रश्नापाशी सगळ्यांना एकत्र बसवले, तेच गेले. सॉटॉस यांनी गटाची धुरा पुढे नेली. 2020 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीत आणि 2022 मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीत त्यांची निवड झाली.

उरलेले काम

या तीन दशकांत बरेच साधले, पण खूण देणारे पॉलिमर अजून सर्रास वापरात आलेले नाहीत. वर्षानुवर्षे ऊन, पाऊस आणि तापमानातले चढउतार सोसूनही खूण खरी राहिली पाहिजे. रंगाच्या छटेवरून ताण किती, हे आकड्यात सांगता आले पाहिजे. ज्या कार्बन कंपोझिटची चिंता सर्वांत मोठी, ते काळे आणि अपारदर्शक असतात, म्हणून आतली खूण बाहेर आणण्याचा उपाय हवा. आणि पहिली खूण मिळाल्यावर वस्तू किती काळ वापरावी, याचे नियम अभियंत्यांच्या हाती हवेत. हे प्रश्न चाचण्यांचे, मानकांचे आणि सोशिक मोजमापाचे आहेत. टॅलबट आणि हर्बर्ट मूर यांच्या आवाराला ते परके नाहीत.

या वाटचालीतून मी एक गोष्ट ठामपणे घेतो. भंगाचे गणित जाणणारा आणि रेणू घडवणारा यांना एकाच प्रश्नावर दीर्घकाळ एकत्र काम करू दिले, तरच पदार्थाच्या आतली गोष्ट बाहेर येते. बेकमन संस्थेने त्यांना जागा दिली. अमेरिकी लष्कर आणि हवाई दलाच्या संशोधन कार्यालयांनी लगेच विकता येईल असे काही हाती नसतानाही निधी दिला. पहिल्या कुपीपासून पहिल्या निळ्या चमकेपर्यंत 15 वर्षे गेली, आणि ती वाया गेली नाहीत.

ज्या वस्तूंवर माणसांचे जीव अवलंबून असतात, त्यांची ताकद, वजन आणि किंमत आज तपासली जाते. त्या वस्तू आपली इजा कशी सांगतात, हेही तितक्याच काटेकोरपणे विचारले जावे. विमानाचा पंख असो की उंचावर काम करणाऱ्याचा सुरक्षापट्टा, खरेदीच्या आणि मंजुरीच्या कागदावर या प्रश्नासाठी एक रकाना असायला हवा. तो भरायला लागणारे रसायन आता हाताशी आहे, आणि तो रकाना मागण्याची वेळ आली आहे.